हिरवट

हडर्सफील्डच्या चढावर बस दम खाते.
पर्समध्ये, हातरुमालात गुंडाळलेली
माझी सकाळची बाटली, अजून कोमट.

मॉरीन पट्टी बुडवते. घड्याळ बघते.
एरवी तिचं मांजरपुराण संपत नाही,
आता मिनिटभर गप्प.

पिवळा चौकोन हिरवटतो.

गेल्याच रविवारी हिरवी साडी, हिरवा चुडा,
हेमलताकाकूंनी ओटी भरली, म्हणाल्या,
हिरवं तुला खुलतं गं.

"बूट घट्ट होतायत का?" मॉरीन विचारते.
बूट? अंगठीसुद्धा पंधरा दिवसांपूर्वी
साबण लावून काढली,
सुजयला म्हटलं, भांडी घासताना टोचते.

ती दंडाला पट्टा गुंडाळते, फुगवते,
पुन्हा फुगवते.
मग फोन उचलून कुणाशीतरी हळू बोलते.

बाटली विसळून माझ्या हातात देते.
राहू दे जवळ, म्हणते,
उद्याही लागेल.