अठ्ठावीस बोअर

आधी हिशोब समजून घ्या.
एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या
तर त्यातली एक जिच्या नळीत बसते, ती बारा बोअर.
अठ्ठावीस केल्या तर अठ्ठावीस.
आकडा वाढतो तशी नळी बारीक होते.
दौलतगंजात चाळीस वर्षं हेच सांगतोय,
आणि गिऱ्हाईक अजून म्हणतं,
अठ्ठावीस? मग मोठीच असणार.

मुरैन्याच्या माणसाला बारा लागते,
बँकेच्या दारात उभं राहायला,
वरातीत खांद्यावर टाकायला.
अठ्ठावीस हातात घेऊन तो हसतो:
"चिड़िया मारेंगे क्या, भाऊसाहब?"
काडतुसं मिळत नाहीत, हेही खरंच.

तरी हिला मागणी आहे.
जयपूरला एक, वडोदऱ्याला दोन,
असे शौकीन, जे कधी बार काढत नाहीत.
दसऱ्याला तेल देतात, परत मखमलीवर ठेवतात.
त्यांना हवी विलायती, जोडनळी, पेटीसकट,
निळाई न उडालेली,
दस्ता कारखान्यातून आला तसा.

कुमुदिनीबाई जगदाळे टेम्पोतून उतरल्या,
बंदूक सतरंजीत गुंडाळलेली.
लायसनवर आता दोनच ठेवता येतात, घरात तीन.
मुलाने कुठल्या दोन ठेवल्या, मी विचारलं नाही.

नळ्या उजेडात धरल्या. आरसा.
चापाच्या वर कोरलेले तित्तर,
एकाच्या पायाची नखंसुद्धा शाबूत.
मनात साडेचार लाख म्हटलं
आणि चापापासून टाचेपर्यंत फीत लावली.
दीड इंच कमी.

"कापलाय हा."
"हो. माझ्यासाठी.
तेरा वर्षांची होते, हात पुरत नव्हता.
बाबांनी मिस्त्रीला घरी बोलावला.
दादा दोन दिवस जेवला नाही."

वहीत लिहिलं: दस्ता मूळ नाही. वजा दोन लाख.
हा भाव मी ठरवत नाही.
कुणा एकाच्या मापाची केलेली वस्तू
बाजारात उतरतेच.

"लावून बघू का एकदा?" त्या म्हणाल्या.
रिकामी असल्याची मी पुन्हा खात्री केली.
एकाहत्तर वर्षांचा खांदा, पुन्हा लहान झालेला.
बरोबर बसली.
नळ्यांची टोकं कॅलेंडरवरून निघाली,
पंख्याखालून, घड्याळाच्या जरा पुढे,
एका जागी थांबायच्याऐवजी तशीच सरकत राहिली.
दुकानातला पोरगा खाली वाकला.
मग त्यांनी ती काउंटरवर ठेवली, सही केली,
आणि म्हणाल्या, "सतरंजी द्या परत. ती घरची आहे."

संध्याकाळी जयपूरचा फोन आला.
फोटो आवडले. एकच विचारायचं होतं:
अक्रोडाचा दीड इंच तुकडा जोडून मिळेल का?
मिळतो. चांगला मिस्त्री असला
तर बोट फिरवूनही सांधा लागत नाही.

विचारून सांगतो, म्हटलं.
कुणाला विचारणार होतो, कोण जाणे.