अळणी समुद्र

डुलूथमध्ये नोव्हेंबरपासूनच रस्त्यांवर मीठ पडतं.
ट्रक रात्रभर फिरतात, पेरणी चालल्यासारखे.
सकाळी माझ्या बुटांना पांढऱ्या कडा,
आणि खाली, टेकडी संपते तिथे,
क्षितिजापर्यंत पसरलेलं एवढं पाणी
चवीला अळणी.

आयलानं ते चाखून पाहिलं होतं.
ती पंधराची. हॉकीत गोलकीपर.
पाच रात्री झोपली नाही,
गॅरेजच्या दारावर जहाजांची नावं लिहिली, दोनशे चौदा,
मग मोज्यांनिशी सरोवरात उतरली, गुडघ्यांपर्यंत.
"मीठ आहे का बघत होते," म्हणाली.
तिचा बाप, वेन लेह्टो, खनिजाच्या धक्क्यावर कामाला.
त्याचे मोठे हात मांडीवर पडलेले,
कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

मी समजावते:
लिथियम म्हणजे एक क्षारच.
गोळी तीनशेची, सकाळी एक, रात्री एक.
खाल्ल्या मिठाला शरीर जागतं की नाही
ते पाचव्या दिवशी रक्त सांगेल.
पाणी भरपूर. घाम गेला तर अजून.
जेवणातलं मीठ अचानक तोडायचं नाही.
डोकं दुखलं तर मनानं गोळी घ्यायची नाही, आधी फोन.
उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर थेट इमर्जन्सी.
थायरॉइड. किडनी.
हे इतक्यांदा म्हटलंय
की आता रामरक्षेसारखं तोंडात येतं,
आणि पाठ झालेल्या गोष्टींची मला भीती वाटते.

आयला एकच विचारते:
"हात थरथरेल?"
थोडा. कदाचित.
"डावा की उजवा?"
सोळा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
"पक मी डाव्यानं पकडते."

कागदावर वयाचा रकाना असतो.
आतलं बांधकाम अजून चालू आहे, याचा नसतो.
वीस वर्षांनी काय, असं विचारलं
की माझ्याकडचे अभ्यास खोकतात, विषय बदलतात.
वेनला मी हेही सांगते.
आणि हेही, की न देण्याचेही दुष्परिणाम असतात,
फक्त त्यांचा कागद डबीत घडी घालून येत नाही.
सही इंग्रजीत करते.
मात्रा मराठीत मोजते: तीनशे दुणे सहाशे.

आई मीठमोहऱ्या उतरवून गॅसवर टाकायची.
तडतडलं की म्हणायची, गेली.
माझं मीठ तडतडत नाही.
ते शुक्रवारी दुपारी लॅबमधून परत येतं
दशांश चिन्ह घेऊन: शून्य पूर्णांक सात.

मार्चमध्ये वेनचा फोन.
"दार आपटलं तिनं."
कितीदा?
"एकदा."
रात्री झोपली?
"दहाला."
मग आपटलं का?
"मोबाइल काढून घेतला मी."
पलीकडे श्वास. मग हळूच,
"हा आजारच ना, डॉक्टर?"
नाही, वेन. हे दार आहे.

पुढच्या भेटीत आयला खुर्चीत पाय वर घेऊन बसते.
बाटलीतलं पाणी संपवते, दुसरी काढते.
"शनिवारी चार गोल गेले," म्हणते.
"दोन माझे. दोन तुमच्या गोळीचे."
मी नोंदीत लिहिते: थरथर, सौम्य, डावा हात.
मात्रेबद्दल पुन्हा बोलायचं ठरतं.

बाहेर बर्फ सुटायला लागलंय.
रस्त्यांवरचं हिवाळाभरचं मीठ
गटारांतून उताराला लागलंय, सरोवराकडे.
वर्षावर्षाला थोडं थोडं साचतं म्हणतात.
चव मात्र अजून तीच आहे.