काच वाढते

आमच्या घरी बांगडी फुटली असं कुणी म्हणायचं नाही.
वाढली, म्हणायचं.
नाना चिंचणीच्या बाजारात पेटी मांडून बसायचे,
मासळीच्या वासाचे हात दाबून, वळवून
आठवी-नववी चढवताना एखादी कट्‌कन जायची.
"वाढली गं." आणि ती पैशात धरायची नाही.

आता मीही काचच बघते.
दोन्ही हात मोकळे, तसा नियम आहे,
हातभर जाडीच्या पिवळ्या खिडकीतून
पलीकडचे लोखंडी हात हलवत.
बोराएवढे तुकडे. त्यांत क्युरियम मिसळलेलं,
म्हणजे हजारो वर्षांचा मार
दोन-तीन वर्षांत बसावा,
पणतवंडांच्या वाट्याचासुद्धा.

गॅमाखाली ठेवलेली चिकूच्या बीसारखी होते,
तशीच तुकतुकीत.
आत एकेक अणू फुटताना मागे लाथ मारतो,
शेजारचे शेकडो जागचे हलतात,
हेलियम कुठेतरी बुडबुडा धरून बसतो.
मी घाबरले होते सुरुवातीला.
नाखरेबाई म्हणाल्या, अगं, स्फटिक असता तर मोडला असता.
हिची मुळात घडीच नव्हती,
विस्कटणार काय?

नानांना सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न:
वाजते कशी? किण्ण की बद्द?
तिथे कान नेता येत नाही, नाना.
टोक दाबून बघतो, चीर किती धावते ते मोजतो.
उलट कमीच धावते. मार खाऊन चिवट होते.
"हे कुणाला सांगू नकोस," नाना म्हणाले,
"लगेच बाईमाणसाला लावतील."

काल खाडीवर हिराय तांडेल भेटली,
चाळीस वर्षं नानांकडूनच भरलेली.
ओहोटी होती, होड्या चिखलात कललेल्या.
"ती तुमची काच गो, कचरा पोटात घेतलेली,
तिला पाणी लागलं तर?"
विरघळते, मावशी. फार हळू.
"फार म्हणजे किती?"
माझ्याकडे आकडा होता. तो तोंडात आला
आणि तिच्या मनगटाकडे बघून परत गेला.
तिथे एक जागा रिकामी होती.
"सकाळी जाळं ओढताना वाढली," ती म्हणाली.

अहवालात रकाना आहे: आकारमान.
'अर्ध्या टक्क्याने वाढले' असं लिहिलं.
पेन तिथेच थांबलं.
मग खोडून
'फुगले' केलं.