मधला शनिवार

हरकरे बाईंच्या खोलीत कूलरचा आवाज मोठा,
म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागतं
जे आजवर देवालाही हळूच सांगितलं.
धरमपेठ, दुसरा मजला, एप्रिल. ओल्या वाळ्याचा वास.
दर गुरुवारी पाचला
मी, सदरकडच्या एका देवळाचा पाळक, वय चोपन्न,
झोप न येणारा.

"स्वप्न?" त्या विचारतात.
गोळीच्या आधी त्यांना स्वप्न लागतं.

तेच, मी म्हणतो. वेदीमागची खोली,
जिथं आमचे झगे टांगलेले. फरशी उचलली की पायऱ्या.
खाली कोरडी विहीर. तळाशी एक पोट्टा
कंदिलाची काच पुसत बसलेला, पाठमोरा.
"मग?"
मग मी फरशी बसवतो
आणि वर येऊन प्रवचन करतो.
विषय : प्रकाश.

बाई हसत नाहीत. लिहीतही नाहीत.
पापकबुली मला येते, ती माझी रोजची भाकर;
पण इथं क्षमा कुणी देत नाही,
नुसतं म्हणतात, "मग?"

"तुमच्यात," त्या विचारतात, "कुणी खाली उतरत नाही का हो?"

मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाणाऱ्या बाई या.
आणि उत्तर माझ्या जिभेवर सहाव्या वर्षापासून :
अधोलोकात उतरला.
दर रविवारी दीडशे माणसं म्हणतात.
त्या ओळीवर कुणी श्वाससुद्धा घेत नाही.
शुक्रवारी रडायचं, रविवारी गायचं,
शनिवारी मंडळीच्या बाया देऊळ धुतात.

अब्नेर माझ्याहून आठ वर्षांनी मोठा.
एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला आवाज ऐकू यायला लागले,
तेव्हा पपांनी तेल आणलं.
वडील मंडळी जमली. सात रात्री.
"नाव सांग!" पपा ओरडत होते. "तुझं नाव सांग!"
"अब्नेर," तो रडत म्हणाला.
"खोटं!" म्हणाले पपा.

नंतर ती उंच भिंत, चौदा वर्षं.
कंडक्टर ओरडायचा, "पागलखाना चौक!"
आणि पपा चष्मा पुसायला काढायचे.
घरच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची यादी लांबलचक.
त्याचं नाव आलं ते थेट
शवपेटीवर, पांढऱ्या रंगात, एक अक्षर चुकवून.

"तर तो पोट्टा कोण?"
अब्नेर, मी म्हणतो. दुसरं कोण.
बाई थोडं थांबतात.
"अब्नेर सतराचा होता.
त्या रात्री कंदील कोणाच्या हातात होता?"

कूलरमधलं पाणी संपलं की
मोटर जशी कोरडी घरघरते,
तशी काही वेळ खोली.

शनिवारी दुपारी, बाया धुऊन गेल्यावर,
मी वेदीमागच्या खोलीत सतरंजी गुंडाळली.
शहाबादी फरशी, सिमेंटनं पक्की. कुठं काही उचलायला नव्हतं.
मी पालथा पडलो, कान लावला.
गार होतं. माझंच रक्त ऐकू आलं.
खाली वाकून हाक मारावी तसं म्हणालो,
"नाव काय रे तुझं?"
ओरडलो नाही.

फिलेमोन, आमचा देऊळराख्या, दारात उभा.
"लू लागली वाटते पाळकसाहेबांना,"
आणि धावत जाऊन कांदा फोडून घेऊन आला.
मी तो नाकाला लावला. डोळे वाहू लागले,
आणि दोघांनाही बरं कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेणबत्त्या, रजनीगंधा, नव्या साड्या.
विश्वासाचा अंगीकार म्हणताना
त्या ओळीपाशी मी थांबलो.
पुढचं आठवत होतं. तरी थांबलो.
पहिल्या बाकावरच्या सालोमीबाईंनी
विसरला बिचारा म्हणून पुढचे शब्द ओठांनी दाखवले,
तिसऱ्या, तिसऱ्या...
पेटी वाजवणाऱ्यानं मागं वळून पाहिलं.

येतोच आहे, बाई. जरा दम धरा.
पोट्टा अजून वळला नाही,
पण काच पुसायची थांबवलीय त्यानं.