खिळे

अशोकस्तंभामागच्या बोळात
पुंडलिक पगारे उलटं वाचायचे.
अक्षराच्या पाठीवर बोट फिरलं
की कळायचं, कोण आहे.

लग्नसराईत 'ळ' हटकून कमी पडायचा.
मग एखाद्या बाळकृष्णाला ताटकळावं लागे
दुसऱ्याची पत्रिका छापून सुटेस्तोवर.

प्रेस मोडली तेव्हा
भद्रकालीतल्या भंगारवाल्यानं
अख्खी बाराखडी काट्यावर ओतली:
एक्याऐंशी किलो शिसं,
काना-मात्रा धरून.

ते वितळवून म्हणे
गंगापूर धरणावरच्या कोळ्यांनी
जाळ्यांना वजनं केली.

पगारे माळकरी. मासळीला शिवत नाहीत.
तरी बुधवारच्या बाजारात
टोपलीपाशी थांबतात,
काडीनं एखादा मासा उलटा करतात,
चष्मा वर सरकवून बघतात.

कोळीण ओरडते,
घ्यायचा नाही तर वाचता काय बाबा?