काठ फुटलेला रंग

फैजपूरला आमची रंगाची भट्टी होती, भावसार गल्लीत.
नानांचे हात कोपरापर्यंत निळे;
परगावी जेवायला बसले
की वाढणारी आधी हात बघायची, मग ताट.

थान वाळलं की ते काठ तपासत.
रंगानं रेघ ओलांडली, मुंगीच्या पावलाएवढी जरी,
तरी म्हणत, काठ फुटला,
आणि ते कापड पोतेऱ्याला जाई.
आमच्या घरी पोतेऱ्यांची कधी कमी नव्हती.

हे आठवलं यंदा चैत्रात, पालच्या वर,
सागाच्या गळलेल्या पानांत.
सुभान तडवी पुढे, मी मागे,
माझ्या अंगात पिवळाधमक सदरा.
"रातवा दाखवतो," तो म्हणाला होता,
"पण भो, तू त्याला फैजपुराहूनच दिसला असशील."

तो थांबला. काठीनं नाही, हनुवटीनं दाखवलं.
अठी.
अठी पानं होती.
एक कुरकुरीत, एकाची जाळी झालेली,
एकावर कवडसा, एक कुजून काळं पडलेलं,
पुन्हा एक कुरकुरीत.
मी रंगातला माणूस. सत्तावन्न वर्षं
निळीतून नीळ वेगळी काढत आलो,
ढगाळ उजेडातसुद्धा सांगतो
चिंतामणी कुठला नि मोरपंखी कुठला,
आणि मला तिथं पानं दिसत होती.

"चोच नको शोधू. डोळा शोध."

डोळा म्हणजे एक चीर,
भरायच्या भेंडीला सुरीनं देतात तेवढी.
तिच्या आत काहीतरी ओलं, काळं,
आणि ते केव्हापासून माझ्याकडे बघत होतं.

मग त्या चिरेभोवती हळूहळू पक्षी जमत गेला.
कुठं संपतो, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.
पाठीवरची काळी रेघ पाठीपाशी थांबतच नव्हती,
तशीच पुढे शेजारच्या पानाच्या शिरेत जात होती.
मान तुटून पाचोळ्यात पडल्यासारखी,
शेपटी भलत्याच कुणाची.
एक रंग आपल्या रेघेत नाही.
अंगभर काठ फुटलेला.
नानांनी बघताक्षणी पोतेऱ्याला टाकला असता.

"शिक्रा रंग नाही पाहत," सुभान कुजबुजला,
"तो कड पाहतो."

वाटेत रुईवर आम्ही तो टोळ पाहिला होता,
निळा-पिवळा, नवरदेवासारखा उघड्यावर बसलेला.
बोट लावलं तरी उठायची घाई नाही.
रुईचा चीक पिऊन वाढलेलं अंग,
आणि अंगभर पाटी: खा, मग बघ.
त्याचे काठ पक्के. थेंब इकडचा तिकडे नाही.
मी म्हणालो, पोटात विष असेल
त्यालाच असा स्वच्छ काठ परवडतो.
सुभान म्हणाला, "नाहीतर ज्याचं दुकान असेल त्याला."

माझ्या पायाखाली एक पान वाजलं.
रातवा हलला नाही.
गळ्याखालची कातडी तेवढी भरभर थरथरत होती,
बेचाळीस डिग्रीत त्याला तेवढीच मोकळीक.
पोटाखाली दोन अंडी, नुसत्या जमिनीवर.
काडी नाही, आडोसा नाही.
"रंगाचं काम निम्मं, भो. निम्मं न हालण्याचं."
सुभान स्वतः कधीपासून हलला नव्हता,
त्याचा खाकी शर्ट मला आत्ता दिसेनासा होत होता.

उद्या नातवाला आणीन म्हणून
मी रुमाल काढला, फांदीला बांधायला.
त्यानं माझं मनगट धरलं.
"खूण नको. खूण कावळ्यालाबी वाचता येते."

दहा पावलांवर वळून पाहिलं. पानं.
त्यातलं एक श्वास घेत होतं, कुठलं ते सांगता येईना.

घरी येऊन सदरा खुंटीला टांगला.
रात्री दिवा मालवल्यावरही
तो भिंतीवर बराच वेळ दिसत राहिला.