आठवा भाग

पटकथेत भूतकाळ नसतो,
पहिल्याच तासाला पेंडणेकर सर म्हणाले.
माणूस चालतो, थांबतो, चहा ओततो.
जे दिसत नाही, ऐकू येत नाही,
ते कागदावर आणायचं नाही.

मी लिहून नेलं होतं :
बाहेर. विद्यापीठाचं गेट, नेरूळ. सकाळ.
बाबा स्कूटर स्टँडला लावतात.
त्यांना इथलं शेत आठवतं.

‘आठवतं’वर हिरव्या शाईची काट,
आणि समासात : कॅमेऱ्याला कसं कळणार?

खरंच, कसं कळणार.
मला तरी कुठे कळलं होतं.
प्रवेशाच्या फॉर्मवरचा पत्ता वाचत होते, सेक्टर, प्लॉट, फेज,
तेव्हा बाबा म्हणाले, खाजनातला आपला तुकडा तो.
आणि पेनाचं टोपण शोधायला लागले.
मग फीचा आकडा बघून :
पिच्चर लिवाला पन शाला हाय?

दुसऱ्या सत्रात मोजणी आली.
एक पान म्हणजे एक मिनिट.
पानाचे आठ भाग पाडायचे,
हा सीन तीन-अष्टमांश, तो पाच,
शूटिंगचा सगळा हिशोब त्यावर.
एक-अष्टमांश म्हणजे किती, सरांनी सहज विचारलं.
साडेबारा टक्के,
मी बोलून गेले, वर्गाच्या आधी.
गणित बरंय की तुझं, शेजारची मृणाल म्हणाली.

गणित नाही गं.
आमच्या गावात हा आकडा
पाळण्यात असल्यापासून कानावर पडतो.
साडेबारा टक्क्यांची फाईल :
कुणाची निघाली, कुणाची अडकली,
कुणी भावाच्या नकळत विकून गाडी घेतली.

मग मी मुद्दाम डबा विसरले, तीन दिवस.
बाबा आत आणून द्यायचे
आणि मी कँटीनच्या पायरीवरून बघायचे.

गेटपासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉकचं पार्किंग,
सकाळी साडेसातला रिकामं.
तिरकं आलं तर चाळीस पावलं.
बाबा तिरके येत नाहीत.
सरळ चालतात, पाय एकापुढे एक,
अंग सावरत, जणू दोन्ही बाजूंना ओल आहे
(हे ‘जणू’ नंतर मीच खोडलं).
दिव्याच्या खांबाच्या अलीकडे काटकोनात वळतात.
पुन्हा सरळ.
तिथे काही नाही. रंगाचा पट्टासुद्धा नाही.
डबा हातात देतात. जेव गो येलेवर.
परत जातात, तसेच, वळून.

तेवढंच उतरवलं. वर्तमानकाळात.
शेत नाही, बांध नाही, वय नाही.

या वेळी सरांनी पेन्सिलीनं विचारलंय :
हा माणूस इथे का वळतो?

खोडरबर हातात होता. ठेवून दिला.
कागदाच्या कडेला पट्टी लावून
सीनची लांबी तेवढी लिहिली :
आठवा भाग.